बॉनेटचा स्विच

"चावी कशाला फिरवलीस, हरामखोरा?" मी गिऱ्हाइकाची कॉलर धरून त्याचं डोकं गाडीच्या दारावर आपटलं. शेजारी माझा धाकटा भाऊ रक्ताळलेला हात पोटाशी धरून किंचाळत होता. बेल्टचा आवाज बघायला त्याने बंद इंजिनात हात घातला आणि इंजिन सुरू झालं. दोन बोटं गेली.

मी आणखी दोन ठेवून दिल्या. गिऱ्हाईक रक्त थुंकत म्हणालं, "चावीला हातही लावला नाही हो! ब्रेकवर पाय ठेवून बसलो होतो. उभी राहिली की आपोआप बंद होते ती, आणि एसीसाठी आपोआप सुरू होते."

"बॉनेट उघडं असताना नाही होत! त्यासाठीच तिथे स्विच असतो." मी हात उगारला आणि तो तसाच राहिला.

गेल्या महिन्यात हीच गाडी सिग्नलला बंद होत नाही म्हणून आली होती. बॉनेटचा स्विच गेला होता. नवा मागवायचा कंटाळा केला आणि त्याच्या दोन वायरी मीच एकमेकींना जोडून टाकल्या, म्हणजे गाडीला बॉनेट कायम बंदच वाटावं.

"दादा," भाऊ कण्हत म्हणाला, "सोडू नकोस त्याला."