तिसरा खण

"पुन्हा तिसराच!" इस्पितळाचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या बाईंनी कपाळाला हात लावला. सर्व्हरच्या आठ खणांपैकी तिसऱ्याचा दिवा लाल झाला होता. दोन महिन्यांत पाचव्यांदा.

इस्पितळातल्या बारा वर्षांच्या एक्स-रेंचा साठा या म्हाताऱ्या यंत्रात होता. एक डिस्क गेली तर बाकीच्या सात वेळ मारून नेत; पण तेवढ्यात दुसरी गेली, की सगळंच पुसलं जाणार. दुसरीकडे नक्कल ठेवायची सोय मंजुरीत अडकलेली.

"नवीन यंत्रासाठी किती वेळा लिहून दिलं मी?" बाई इस्पितळाच्या व्यवस्थापक साहेबांवर उखडल्या.

"चालतंय ना अजून?"

"मी ढकलतेय म्हणून चालतंय!"

"आणि डिस्कवाला तर तुम्हीच बदलायला लावलात. आता काय?"

आधीच्या चार डिस्क जुन्या डिस्कवाल्या काकांच्या दुकानातल्या. चौथी गेली तेव्हा बाई त्यांना चारचौघांत बोलल्या होत्या, "भंगार गळ्यात मारता आमच्या?" त्यांच्या पत्रावरूनच काकांचं नाव इस्पितळाच्या पुरवठादारांच्या यादीतून उडालं. पाचवी डिस्क मात्र नव्या दुकानातली, कोरी करकरीत होती.

बाईंनी ती काढून टेबलावरच्या कॉम्प्युटरला लावली. तपासणी दोन तास चालली. डिस्क ठणठणीत! काकांची एक परत न्यायची राहिली होती, तीही लावून पाहिली. तीसुद्धा ठणठणीत.

यंत्र बंद करून त्यांनी झाकण उघडलं. तिसऱ्या खणामागचा विजेचा प्लग जळून काळा पडला होता. एक्स-रे दिसेनात म्हणून डॉक्टरांचे फोन खणखणू लागले. बाजारात हा प्लग मिळेनासा होऊन कितीतरी वर्षं झालेली. अशी जुनी यंत्रं मोडून सुटे भाग ठेवणारा एकच माणूस त्यांना माहीत होता.

"काका, इस्पितळातून बोलतेय. तुमच्या डिस्क चांगल्या होत्या. प्लग जळलाय. चूक माझी होती."

पलीकडून प्रश्न आला, "चार तारांचा की पाच?"

तासाभरात काका आले. "जरा उजेड धरा," एवढंच म्हणून ते गुडघ्यांवर बसले. अर्ध्या तासात दुसरा प्लग बसला, यंत्र सुरू झालं, डिस्क खणात गेली. दिवा हिरवा झाला. बाकीच्या सात डिस्कवरून तिच्यात माहिती भरायला लागली. पडद्यावर आकडा उमटला, एक टक्का.

साहेब डोकावले. "हे कोण?"

"ज्यांचं नाव मी कापायला लावलं ते. माझं पत्र चुकीचं होतं. तसं लिहून देते."

"द्या हो, पण यादी आता तीन वर्षं उघडत नाही." साहेब निघून गेले.

बाईंना काकांकडे बघवेना. "काका, मी त्या दिवशी..."

"बाई, हे आधी भरू दे. मधेच अडकलं तर?" काकांनी स्टूल ओढलं आणि पडद्यासमोर बसले.

बाईंनी टेबलावरचा कागद पुढ्यात घेतला आणि लिहायला सुरुवात केली. पडद्यावर दोन टक्के झाले होते.