पंधरावर काटा

टक्!

दुपारी घर निजलेलं असलं की माझा काटा शून्यावर परतल्याचा एवढासा आवाजही ओसरीपर्यंत जातो.

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. अल्लीपूरला रूपरावजींच्या औषधांच्या दुकानात दारातच माझी जागा होती. कापूस वेचून परतणाऱ्या बाया चप्पल काढून माझ्यावर चढत आणि एकमेकींना आकडा दाखवून हसत. "रूपरावजीचा काटा खोटं नाई बोलत," असं लोक म्हणायचे. मग लाल आकड्यांचा नवा काटा आला. मी घरी, खाटेखाली, मोडक्या छत्रीशेजारी जाऊन पडलो.

यंदा रूपरावजींची सून कोकिळा गाडीवरून पडली. मांडीच्या हाडाला धातूची पट्टी बसवावी लागली. व्यायाम शिकवायला वर्षालीताई घरी येऊ लागल्या. त्यांनीच मला बाहेर काढायला लावलं आणि शेजारी माझ्याच उंचीचा पाट मांडला. धड पाय पाटावर, दुखरा माझ्यावर, दोन्ही हात वॉकरवर.

"काटा पंधरावर आला की थांबायचं, वहिनी. तेवढा भार पायाच्या लक्षात राहिला पाहिजे. चालतानाही तेवढाच द्यायचा. जास्त पडला तर पट्टी हलेल, पुन्हा ऑपरेशन."

कोकिळेनं हळूच पाय टेकवला. दहा, बारा, पंधरा. शाब्बास, असं मी म्हणणार तोच तिनं वॉकर सोडला आणि मला हात लावून तो कपाळाशी न्यायला वाकली. काटा थेट चाळीसवर! ती कळवळली.

"काय करून राह्यल्या, वहिनी!"

"पाय लागला नं त्याले. दुकानाची लक्ष्मी आहे थे."

रूपरावजी दारातून आले. "लक्ष्मी खाटेखाली पडली होती, तवा कोणी पाया नाई पडलं," ते हसले. मग गुडघे धरत खाली बसले. "तू पाय ठेव, पोरी. तुह्या वाटचा नमस्कार मी करतो."

तेव्हापासून दिवसातून तीनदा सासरे सुनेच्या पायाशी वाकतात, मला हात लावतात आणि जाता जाता माझी काच धोतरानं पुसतात. मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी तुम्हीही एकदा अशी पुसून पाहा. कुणाचा तरी पाय तिच्या भरवशावर असेल.

आज कोकिळेचा व्यायाम संपला आणि तिची चार वर्षांची रक्षा माझ्यावर चढली.

"चौदा," आजोबांनी वाचलं.

रक्षा उतरली. टक्! ती आईपुढे जाऊन उभी राहिली. कोकिळेचे दोन्ही हात वॉकरवर होते. रक्षानं आपले दोन्ही वर केले.

"आई, तुह्या पायाले पंधरा चालते नं? मी तं चौदाच आहो. मंग मले कडेवर काऊन नाई घेत?"