कुशाबाची डबी

घरात माणूस खोकू लागला की आपण त्याला आधी हळद-दूध देतो, मग अडुळशाचा काढा. महिना उलटूनही खोकला हटला नाही, की आपण त्या खोकल्याचं नाव घेणंच बंद करतो. डिलाईल रोडवरच्या एका चाळीत, चौदा नंबरच्या खोलीत, हेच चाललं होतं.

त्या खोलीत अकरा गिरणी कामगार राहत. सगळे कोकणातले, बायकापोरं गावी. जेवण तळमजल्यावर अंबिकाबाईंच्या खाणावळीत. दिवसपाळीवाले उठून गेले की रातपाळीवाले त्यांच्याच वळकट्यांवर अंग टाकत. अकरा जणांत थोरले कुशाबा. गिरणीत पंचवीस वर्षं साचे, म्हणजे माग, चालवलेले, आणि चाळीच्या भजनात पुढे उभे राहून गाणारे तेच. एकादशीला त्यांनी पहिली आळवणी केली की वरच्या मजल्यावरच्या बायका हातातली कामं टाकून कठड्याशी येत.

दोन महिने झाले, कुशाबा खोकत होते. मंडळी म्हणत, गळा बसलाय, चैत्रातल्या रामाच्या उत्सवापर्यंत सुटेल. कुशाबाही तेच म्हणत. मनात मात्र त्यांना गणपत आठवे.

गणपत याच खोलीतला. गेल्या वर्षी तोही असाच खोकत होता. एके दिवशी थुंकीत रक्त दिसलं आणि संध्याकाळपर्यंत खोलीनं ठरवून टाकलं. त्याची पत्र्याची ट्रंक गॅलरीत ठेवली गेली. दुसऱ्या दिवशी त्याला भाऊच्या धक्क्यावर नेऊन बोटीत बसवलं. 'गावची हवा लागली की बरा होशील,' असं सगळेच म्हणाले. ट्रंक डोक्यावर घेऊन त्याच्यापुढे चालले होते ते कुशाबाच. पुढे भादव्यात गणपत गेल्याचं पत्र आलं.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे होते. चौदा नंबरातला एकही माणूस मोर्चा चुकवत नसे. त्यांच्यातल्या शिवाच्या पाठीवर लाठीचा वळ होता आणि तो दाखवायला म्हणून तो उन्हाळाभर सदरा घालत नसे. त्यामुळे चैत्रातल्या पहिल्या रविवारी कॉलेजची दहा-बारा मुलंमुली चाळीच्या चौकात आली, तेव्हा समितीची सभा आहे असं समजून शिवानं वरूनच घोषणा दिली. खालच्या मुलीनं हसून नमस्कार केला आणि सांगितलं, की आम्ही परळच्या मेडिकल कॉलेजातून आलोय, सभा नाही, तुमची तब्येत बघायला आलोय. चाळ मनसोक्त हसली. शिवा तेवढा आत गेला.

ती मुलगी नलू तळपदे. ठाकूरद्वारची, डॉक्टरकीच्या चौथ्या वर्षाला. या मुलांनी नेम केला होता, दर रविवारी एक चाळ. नलू सरळ अंबिकाबाईंच्या खाणावळीत शिरली, पाट ओढून बसली आणि त्यांच्याबरोबर कोथिंबीर निवडत निवडत तिनं चाळीत कोण किती दिवस खोकतंय ते काढून घेतलं. तीन आठवड्यांहून जुना खोकला असेल त्याला तिनं पुठ्ठ्याची, झाकणाची छोटी डबी दिली, वर नाव लिहून. सकाळी उठल्या उठल्या आलेला बेडका त्यात धरायचा आणि डबी खिडकीत ठेवायची. सोमवारी मुलं येऊन घेऊन जातील.

कुशाबांचं नाव अंबिकाबाईंनीच सांगितलं. "आमचे बुवा दोन महिने खोकतायत. त्यांचं लिही."

कुशाबा तोंडानं हो म्हणाले आणि डबी घेऊन वर आले. त्यांना वाटलं, या डबीत आपली ट्रंक आहे.

सोमवारी सकाळी रातपाळी करून लवू आला. लवू म्हणजे खोलीतलाच एक, भजनातला पखवाज. सव्वीस वर्षांचा, दंडात बेडकुळ्या, पाण्याचे दोन हंडे एका दमात वर आणणारा. त्याची बायको शेवंती गावी बाळंत झाली होती, आणि मुलगी सवा महिन्याची होईल तेव्हा बारसं करायचं असा शेवंतीच्या माहेरचा रिवाज होता. रामनवमी झाली की येत्या रविवारच्या बोटीनं तो निघणार होता. येता-जाता त्याचं एकच बोलणं, पोर कुणासारखी झालीय.

घशात कापसाची धूळ बसली म्हणून लवू गॅलरीत खाकरत होता. गिरणीत काम करणारा प्रत्येक माणूस सकाळी असाच खाकरतो, त्याचं कुणाला काही वाटत नाही. कुशाबांनी डबी त्याच्यापुढे धरली.

"ह्यात थुंक रे."

"तुमच्या डबीत? कित्याक?"

"माझा घसा सुकलाहा. तू थुंक. कोण बघताहा?"

लवू हसला. थोरल्या माणसाचं काम, त्यात विचार कसला! त्यानं डबी भरून दिली. कुशाबांनी झाकण घट्ट लावलं आणि डबी खिडकीत ठेवली. त्या दिवशी ते कामावर जाताना गुणगुणत गेले.

गुरुवारी दुपारी नलू आली. कुशाबांना तिनं गॅलरीच्या टोकाला बोलावलं आणि हळू आवाजात सांगितलं, की त्यांच्या डबीत क्षयाचे जंतू सापडलेत. घाबरू नका, म्हणाली. आता औषधं आली आहेत, रोज कॉलेजात येऊन इंजेक्शन घ्यायचं, गोळ्या घ्यायच्या. गावी जायची गरज नाही, उलट औषध सोडून जाणं हेच वाईट. आणि एक गोष्ट तिनं बजावून सांगितली. थुंकीत जंतू आहेत तोवर लहान मुलाला जवळ घ्यायचं नाही. तान्ह्या बाळाला हा रोग फार लवकर धरतो.

कुशाबा कठड्याला धरून उभे राहिले. खाली चौकात लवू पखवाजाच्या वाद्या ओढत बसला होता आणि कुणालातरी सांगत होता, की बाळासाठी त्यानं लाल झबलं घेतलंय.

नलूला वाटलं, त्यांना स्वतःच्याच रोगाचा धक्का बसलाय. शनिवारी सकाळी छातीचा फोटो काढायला या, म्हणून सांगून ती गेली.

आता कुशाबांपुढे प्रश्न उभा राहिला. बोलावं, तर आपलं खोटं उघडं पडणार आणि लवूची गत गणपतसारखी होणार. न बोलावं, तर रविवारी लवू बोटीत बसणार आणि सोमवारी पोर त्याच्या मांडीवर असणार. गुरुवारचं जेवण त्यांना गेलं नाही. अंबिकाबाईंनी विचारलं, तर उपास आहे म्हणाले. खोटं एकदा बोललं की त्याच्या पाठीला दुसरं येतंच.

शुक्रवारी रामनवमी. दुपारी जन्म झाला, पाळणा झाला आणि संध्याकाळी चौकात हेरंबबुवांचं कीर्तन उभं राहिलं. हेरंबबुवा गिरगावातून दरवर्षी येत. वय सत्तरीचं, पण उभे राहिले की चिपळ्यांसकट तीन तास हलायचे नाहीत. पखवाजावर लवू होता.

पूर्वरंग रंगात आला आणि पखवाज सुरातून उतरला. हवा दमट होती. लवूनं बुवांकडे पाहिलं, बुवा थांबले. लवूनं हातोडी काढली आणि दोनशे माणसांपुढे वाद्यांखालचे लाकडी गट्टे ठोकायला लागला. एक बाजू ठोकायची, थाप मारून ऐकायचं, पुन्हा ठोकायचं. मुलं चुळबुळ करू लागली. बुवांनी मात्र तोच धागा पकडला.

"पाहिलंत, मंडळी? पखवाज उतरला. ह्यानं लपवला का? भर सभेत हातोडी काढली. उतरलेलं वाद्य लपवून वाजवत राहिला असता, तर माझंही गाणं बिघडलं असतं आणि तुमचाही रामजन्म बेसूर झाला असता. आणि उतरला म्हणून पखवाज कुणी चौकाबाहेर फेकला का? नाही. ठोकून सुरात आणला. देवानं दिलेलं हे शरीरही वाद्यच. ते उतरलं की आपण लपवतो, नाहीतर फेकतो. सुरात आणायचं तेवढं आपल्याला सुचत नाही."

बुवांना यातलं काही ठाऊक नव्हतं. पण कीर्तनात असं होतं. बुवा सगळ्यांना सांगत असतात आणि एकाच्याच काळजाला जाऊन लागतं. कुशाबांनी टाळ खाली ठेवले.

आरती झाली, सुंठवडा वाटला. लवू पखवाजाला गवसणी घालत होता. कुशाबा त्याच्यापाशी बसले आणि सगळं सांगितलं. डबी कुणाची, थुंकी कुणाची, नलू काय म्हणाली आणि बाळाबद्दल काय म्हणाली.

लवूचे हात थांबले. तो म्हणाला, "कुशाबादादा, माझी ट्रंक धक्क्यार तुमीच नेतलास काय?"

कुशाबा उठले आणि म्हणाले, "तुझी ट्रंक हालूची नाय."

खाणावळीत चौदा नंबरातले सगळे जेवायला बसले होते. हेरंबबुवाही पानावर होते. कुशाबांनी लवूला हाताला धरून आत आणलं आणि उभ्यानंच बोलले. गणपतचं भय घेऊन आपण खोटेपणा केला, असं त्यांनी सांगितलं. लवूला क्षय आहे, हेही सांगितलं.

दोघे-तिघे पानावरून मागे सरकले. शिवा म्हणाला, त्याच्या मनात लवूबद्दल काही वाईट नाही, पण खोलीत अकरा माणसं आहेत. रविवारची बोट आहेच. लवूनं जावं आणि बरा होऊन यावं.

अंबिकाबाईंनी आमटीचं पातेलं खाली ठेवलं.

"गणपत बरा होऊन आला काय रे शिवा? त्यालाही बोटच दाखवलीत. गावात ना डॉक्टर ना सुई. आणि ह्याच्या घरात तान्ही पोर. तिला कोण बघणार, तू? मी त्या नलूला रविवारीच सगळं विचारून ठेवलंय. ताट-पेला वेगळा, रोज उकळायचा. खोकताना तोंडावर फडका. थुंकी डबीत, डबी चुलीत. निजायला गॅलरीत, मोकळ्या हवेला. ह्यातलं कुठलं काम तुम्हा मर्दांना जड आहे ते सांगा. ताट मी उकळते."

हेरंबबुवा शांतपणे म्हणाले, "शिवा, तुझ्या पाठीवरचा वळ मी पाहिला. मुंबई मराठी माणसाची म्हणून तू लाठी खाल्लीस. आणि मराठी माणूस खोकला, तर त्याला मुंबईबाहेर काढायला तूच निघालास? मग ही मुंबई मागतोयस कुणासाठी?"

शिवानं उठून लवूसाठी पाट मांडला. मात्र स्वतःच्या पाटापासून चांगला दोन हात लांब. तेवढं पुष्कळ होतं.

शनिवारी कुशाबा आणि लवू दोघे कॉलेजात गेले. मोठ्या डॉक्टरांनी लवूला पाठमोरं बसवलं, डावा पंजा त्याच्या पाठीवर टेकवला आणि उजव्या हाताच्या बोटानं त्यावर ठोकत ठोकत वर सरकले. उजव्या खांद्याखाली आले तसा लवू म्हणाला, "डॉक्टर, इथं आवाज बसलाय."

डॉक्टर थांबले. पुन्हा ठोकलं, दुसऱ्या बाजूला ठोकलं. "बरोबर ओळखलंस," म्हणाले. "काय काम करतोस?"

"गिरणीत. आणि पखवाज वाजवतो."

फोटोत डाग तिथेच निघाला. छोटा होता, वेळेवर सापडला होता. बारशाला लवू गेला नाही. लाल झबलं गावच्या माणसाबरोबर धाडलं आणि नलूनं सांगितल्याप्रमाणे शेवंतीला पत्र गेलं, की बाळाला क्षयाची लस टोचून घे. खोलीतल्या सगळ्यांचे फोटो काढले. कुशाबांच्या छातीत क्षय नव्हता. विड्यांचा आणि धुळीचा खोकला होता, तो विड्या सोडल्यावर निम्म्यावर आला.

शिवा एकदा नलूला म्हणाला, की कुशाबांनी लबाडी केली म्हणून तर लवू वाचला. नलूनं मान हलवली. लबाडीनं तो औषधाविना बोटीत बसणार होता, म्हणाली. वाचला तो कुशाबा खरं बोलले म्हणून. चूक तिचीही होती. डब्या खिडकीत ठेवायला सांगून ती निघून गेली होती. खोकणाऱ्या माणसाच्या मनात काय भीती आहे हे तिनं विचारलंच नव्हतं. पुढच्या चाळीत गेली तेव्हा तिनं डब्या वाटण्याआधी तिथल्या गणपतांच्या गोष्टी ऐकून घेतल्या.

लवूनं वर्षभर एकही इंजेक्शन चुकवलं नाही आणि थुंकीतले जंतू गेले. पुढच्या रामनवमीला शेवंती मुलीला घेऊन मुंबईला आली. कीर्तनात पखवाज उतरला, लवूनं हातोडी काढली आणि मांडीला चिकटून बसलेली पोर प्रत्येक ठोक्याला दचकू लागली. कुशाबा पुढे गात होते आणि शिवा तिला कडेवर घ्यायला हात पुढे करत होता.

मंडळी, रोग कुणाच्या पापानं येत नाही आणि लपवल्यानं जात नाही. शेजाऱ्याचा खोकला ऐकू आला, तर त्याची ट्रंक बाहेर काढू नका. त्याच्याबरोबर दवाखान्यापर्यंत चाला. एवढं ज्याच्या हातून घडेल, त्याचा रामजन्म सुरात झाला असं समजावं.