डोक्यावर राहिलेले हात

“आमेन म्हणजे ‘तसंच होवो’. तसं व्हायला नको असेल तर गप्प बसा. पण खोटं आमेन म्हणू नका, पोरांनो.”

रविवारच्या शाळेत सगुणाबाई हे सांगायच्या, छडी पाठीमागं धरून. मी तेव्हा सहा वर्षांची होते. बाईंना जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. चेहरा पुसला गेला, आवाज तेवढा राहिला.

म्हणून आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांचा उजवा हात गेले सात आठवडे माझ्या डोक्यावर आहे.

त्याचं असं झालं. एका रविवारी जेवताना मी पप्पांना म्हणाले, “पुढच्या आठवड्यापासून मी चर्चला येणार नाही. माझा विश्वास नाही.”

“कशावर?”

“कशावरच.”

पप्पांनी वाटीतला रस्सा संपवला. “भात घे,” ते म्हणाले.

शुक्रवारी आमच्याकडे घरसभा ठेवली. मिशन कंपाउंडातली मंडळी सतरंजीवर बसली, मला मधोमध स्टुलावर बसवलं. पाळकसाहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून पाऊण तास प्रार्थना केली. या लेकराचं हृदय वळव, प्रभू. प्रार्थना शेवटाला येऊ लागली तशी आई उठून स्वयंपाकघरात गेली. प्रार्थना संपायला आली की आईचं दूध उतू जायला येतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मंडळी आमेन म्हणाली. मी म्हणाले नाही. माझं हृदय वळावं असं मला वाटत नव्हतं.

पाळकसाहेब हात उचलायला गेले आणि थांबले.

“हन्ना बाळ, तुझं आमेन राहिलं.”

“हो.”

“प्रार्थना पुरी झाली नाही तर हात कसा निघेल?”

“माहीत नाही, पाळकसाहेब.”

त्यांनी मान डोलावली. हात तिथंच ठेवला, डाव्या हातानं चहा घेतला, बशीत ओतून, न सांडता. जाताना कोटाची मोकळी बाही खिशात खोचली.

हात तसा चांगला आहे. उबदार, रुंद, साबणाच्या वडीचा वास येणारा. पहिले दोन दिवस मला तो टोपीसारखा वाटला.

तिसऱ्या दिवशी एस्तेर आत्या आली. पप्पांची मोठी बहीण, निवृत्त नर्स. “जास्त शिकलं की असंच होतं गं,” म्हणाली आणि तिनं तिचा हात माझ्या कपाळावर ठेवला, ताप बघतात तसा. प्रार्थना केली, थांबली, वाट पाहिली. मग हात ठेवून गेली. तो थोडा खाली घसरतो आणि डोळ्यांवर येतो. दाराशी उभं राहून ती म्हणाली, “आईकडून तरी शीक. आजवर तिच्या डोक्यावरचा पदर ढळलेला पाहिलाय कुणी? आणि आमचे बाबा!” तिनं भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं, उरलेल्या हातानं. फोटोत आजोबा कोट घालून उभे आहेत, उजवी बाही खिशात. “कापसाच्या जिनिंगच्या यंत्रात हात गेला, पण विश्वास गेला नाही.”

आई दाराआडून म्हणाली, “वन्सं, जेवून जा.”

मग माझा भाऊ अनुग्रह. त्याचं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज आहे. त्याचा हात कानावर बसला, ग्रीसच्या वासाचा. चार दिवसांनी तो तणतणत आला.

“एका हातानं पाना फिरत नाही, हन्ने. तीन अक्षरं आहेत. मोबाईलचा पासवर्डसुद्धा याच्याहून मोठा असतो.”

“खोटं म्हणू?”

“मी काय दर रविवारी मनापासून म्हणतो? म्हणायचं आणि बाहेर येऊन वडापाव खायचा.”

“तुझ्यावर कुणी हात ठेवला नाही.”

“म्हणतो म्हणून ठेवला नाही,” तो म्हणाला.

पप्पांनी सगळ्यात उशिरा ठेवला. ते चर्चमध्ये पेटी वाजवतात, एकतीस वर्षं. त्यांनी प्रार्थनेत काहीच मागितलं नाही, नुसतं माझं नाव तीनदा घेतलं, आणि हात ठेवून बाहेर लिंबाखाली जाऊन उभे राहिले. मी आमेन म्हणणार होते. शब्द ओठापर्यंत आला होता. मग सगुणाबाई बोलल्या.

आता चर्चमध्ये पप्पा डाव्या हातानं भाता तेवढा हलवतात. पेटी श्वास घेते, श्वास सोडते, सूर निघत नाही. मंडळी त्या श्वासावर गाते. मला तिथं जावं लागत नाही, मला ते घरी कळतं. रविवारी दहाच्या ठोक्याला पप्पांची बोटं माझ्या टाळूवर चालू लागतात. गीत कुठलं ते मला बोटांवरून ओळखता येतं. मधल्या बोटाला अलीकडे कंप आहे. दुपारी पप्पा येतात, चपला काढतात आणि माझ्याकडे न बघता विचारतात, “आज कसं झालं?”

“तिसऱ्या कडव्यात घाई झाली.”

“हं,” ते म्हणतात.

मला आमेन म्हण असं ते एकदाही म्हणाले नाहीत. तेच सगळ्यात जड आहे.

शनिवारी आई माझे केस विंचरते. हातांच्या मधून वाट काढत फणी कशी घालायची हे तिला पहिल्या दिवसापासून येत होतं. मनगट जरा उचलायचं, खालून तेल सोडायचं. नखं वाढतात, ती दर आठवड्याला कापायची, नाहीतर झोपेत टोचतात. झोपायचं कुशीवर, उशी मानेखाली.

“तुला गं कसं माहीत?” मी विचारलं.

“होतं माहीत,” आई म्हणाली, आणि पाळकसाहेबांच्या करंगळीचं नख कापलं.

आई माझ्यासाठी प्रार्थना करत नाही. ती विंचरताना तिच्या माहेरचं काहीतरी गुणगुणते. ते गीतांच्या पुस्तकातलं नसतं. पप्पांच्या चपला वाजल्या की थांबते.

लेकीच्या गं माथ्यावरी, ओझं कुणी ठेविलं
माझ्या हाती फणी होती, मीच नाही काढिलं

डिसेंबर लागला तसे हात वाढले. मंडळीतल्या बायका ताटावर रुमाल झाकून फराळाचं घेऊन यायच्या आणि जाताना एका हातानं ताट न्यायच्या. खांद्यांवर झाले, मानेवर झाले. दोन्ही कान झाकले गेले, तेव्हा घरातलं बोलणं मला विहिरीतून आल्यासारखं ऐकू येऊ लागलं. तोंडावर मात्र कुणीही हात ठेवला नाही. तिथून आमेन यायचं होतं.

नाशिकला एका रक्तपेढीत मला नोकरी लागली होती, सोमवारी हजर व्हायचं होतं. मी शनिवारीच बॅग घेऊन स्टँडवर गेले. कंडक्टरनं मला पायरीवर अडवलं.

“एवढी माणसं कुठं घेऊन चाललात, ताई?”

“एकटीच आहे मी.”

“एकटी!” तो मागच्या लोकांकडे बघून हसला. मग त्याला वाईट वाटलं असावं. “आधी घरच्यांना घरी सोडून या. मग बसा.” त्यानं घंटी वाजवली. गाडी गेली. माझ्या खांद्यावरच्या कुठल्यातरी हातानं मला थोपटलं.

नाताळाच्या आधीच्या रविवारी सगळी मंडळी चर्चमधून थेट आमच्या घरी आली. बसायला जागा नव्हती, लोक भिंतीला लागून उभे राहिले, रिकाम्या बाह्या खिशात खोचून. फोटोतल्या आजोबांसारखी रांगच्या रांग. मला पुन्हा त्याच स्टुलावर बसवलं. हातांच्या वजनानं माझी हनुवटी छातीला टेकली होती, म्हणजे लांबून बघणाऱ्याला मी प्रार्थनाच करत होते.

पाळकसाहेब अगदी प्रेमानं बोलले. “हन्ना, बायबलमधली तुझ्या नावाची ती बाई मंदिरात प्रार्थनेला बसायची तेव्हा तिचे नुसते ओठ हलायचे. तेवढं पुरलं होतं. तूही नुसते ओठ हलव.”

“नाताळात पेटी वाजली पाहिजे गं,” आत्या म्हणाली. “बापाकडे बघ.”

मला बघता येत नव्हतं. तिचाच हात डोळ्यांवर होता. टाळूवर पप्पांची बोटं चालू होती, अगदी हळू, पाळण्याच्या गीताच्या चालीवर.

“आता घरातलं एकच माणूस राहिलं,” पाळकसाहेब म्हणाले. “लीलाबाई, या. आईचा हात पडला की लेकरू पाघळतं.”

स्वयंपाकघरात गॅस बंद केल्याचा आवाज झाला. आई आली. मी तिला तिच्या पावलांवरून ओळखलं. मंडळीनं डोळे मिटले, ते श्वासावरून कळतं. आईनं माझ्या डोळ्यांवरचा आत्याचा हात मनगटाला धरून जरासा उचलला, तेल सोडताना उचलते तसा.

मला आई दिसली. सगळे डोळे मिटून उभे होते, आम्ही दोघी तेवढ्या बघत होतो.

“सुरुवात करा, लीलाबाई,” पाळकसाहेब म्हणाले.

आईनं पदर खाली सोडला. मी तिचे केस कधीच पाहिले नव्हते. पांढरे होते, मधोमध भांग, आणि भांगावर एक म्हाताऱ्या माणसाचा उजवा हात, वाळून खारकेसारखा झालेला. त्याची नखं नीट कापलेली होती.

माझ्या टाळूवर पप्पांची बोटं ओळीच्या मध्येच थांबली.

“दूध कधीच उतू जात नव्हतं,” आई म्हणाली. “अठ्ठावीस वर्षं झाली, मी अजून आमेन म्हटलेलं नाही.”