दुष्टाचा श्वास

परग्रहावरच्या त्या प्राण्याचा श्वास हेडफोनमध्ये ऐकला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो श्वास माझ्या बाबांचा होता.

आमचा धंदा आवाजांचा. सिनेमात कोणी वाळूवरून चालतं, कोणाचं हाड मोडतं, ते आवाज नंतर बंद खोलीत बनवावे लागतात. बाबांनी चाळीस वर्षं हेच केलं. कोबीचे गड्डे पिळून त्यांनी किती माणसांच्या माना मोडल्या असतील, देव जाणे. आता ते घरी पलंगावर असतात. फुप्फुसं निकामी होत चाललीत, नाकाला दिवसभर ऑक्सिजनची नळी. त्यांना बोलायचे कष्टही द्यायचे नाहीत, हा घरात माझा कायदा. त्यांचं औषधपाणी मी बघते, स्टुडिओतली कामंही मीच करते, आणि दादा उंटावरून शेळ्या हाकतो.

मात्र गेला आठवडाभर तो रोज सकाळी घरी यायचा. "तू जा स्टुडिओत, मी बसतो बाबांजवळ," म्हणायचा. मला वाटलं, उशिरा का होईना, अक्कल आली. आता कळलं तो कशाला बसत होता.

सिनेमा तसा साधाच. अंतराळयानात बारा माणसं गाढ झोपलेली, आणि एक प्राणी त्यांना एकेक करून खातो. दिग्दर्शकाचा हट्ट एकच, प्राणी दुष्ट वाटला पाहिजे. यावरून दादाचं आणि माझं आधीच वाजलं होतं.

"तो दुष्ट नाहीये गं, भुकेला आहे," दादा म्हणाला होता. "मांजर काय झोपलेला उंदीर सोडते?"

"उंदीर यान चालवत नाहीत," मी म्हटलं होतं. "झोपलेल्या माणसाच्या अंगावर जातो तो दुष्टच. मला शिकवू नकोस."

आणि आता त्या प्राण्याच्या छातीत माझे बाबा. आत जाताना बारीक शीळ, मध्येच टेबलाचा गच्च अडकलेला खण ओढावा तशी अडचण, मग एकदम सुटका. दोन वर्षं मी या श्वासावर कान ठेवून झोपते. मला ओळखू येणार नाही? मागे पत्र्याची बारीकशी झिणझिण ऐकू येत होती. ती दादाची काहीतरी करामत असेल म्हणून मी सोडून दिली.

दादा चहाचे कप घेऊन आत आला. मी त्याला बसूसुद्धा दिलं नाही.

"लाज नाही वाटली? बाप श्वासासाठी तडफडतोय आणि तू उशाशी माइक धरून बसलास?"

"आधी ऐकून तरी घे."

"ऐकलं! लोक पॉपकॉर्न खात बघणार, प्राणी मेला की टाळ्या वाजवणार. माझ्या बाबांच्या श्वासावर!"

"तुझे एकटीचे आहेत का ते?" त्याचाही आवाज चढला. "बाबांनाच विचार ना, की..."

"बाबांना मध्ये आणायचं नाही! आणि आजपासून घरात पाय ठेवायचा नाहीस. तो प्राणी परवडला. त्याला निदान कळत नाही तो काय करतोय."

 दादा चहा तसाच टेबलावर ठेवून निघून गेला.

मी मूळ फाइली शोधून काढल्या. चार होत्या. आमच्याकडे शिस्त अशी, की आवाज करणारा माणूस आधी स्वतःच्या तोंडाने क्रमांक सांगतो, 'एक', 'दोन', आणि मग आवाज करतो. आणि कुठलीही फाइल पुसायची तर आधी ती सुरुवातीपासून ऐकायची. दोन्ही नियम बाबांचे. मी एकही ऐकली नाही. माझ्या कानाला कोण शिकवणार? चारही पुसल्या, सिनेमाला लावलेला श्वासही काढून टाकला. कपाटातल्या डिस्कवरच्या प्रतीही पुसल्या. माझा श्वाससुद्धा वाढला नाही. खरं सांगते, बरं वाटलं.

दुपारी घरी गेले तर शेजारच्या मावशी बाबांजवळ बसल्या होत्या. मला बघून त्या उठल्या. बाबा उशीला टेकून बसले होते आणि त्यांच्या मांडीवर बिस्किटांचा रिकामा डबा होता. पत्र्याचा.

"ऐकलास?" बाबांनी विचारलं.

मी त्या डब्याकडे बघत होते.

"तुला कळणारच. म्हटलं होतं मी दादाला... हिचा कान ओळखणार." ते हसले आणि हसण्यातच दम लागला. "त्याला ओरडू नकोस. मीच म्हटलं, तिखटाला सांगू नकोस. तू करूच दिलं नसतंस."

तिखट म्हणजे मी. लहानपणापासून हेच नाव.

"डब्यात तोंड घालून... चार वेळा केलं. क्रमांकसुद्धा सांगितले, नीट." त्यांनी चार बोटं दाखवली. "चौथा जमला. अख्ख्या आयुष्यात असा जमला नव्हता."

मी पलंगाच्या कडेला बसले. 

"दिग्दर्शकाला दुष्ट हवा होता," बाबा म्हणाले. "मी चित्र बघितलं, दादाच्या लॅपटॉपवर. तो प्राणी दुष्ट कुठला? घर लांब, एकटा, पोटात आग. घाबरलाय बिचारा. मी घाबरलेला श्वास दिला. तो माझ्याकडे... भरपूर आहे." थोडा वेळ ते नुसते श्वास घेत राहिले. "दुष्टाचा असा नसतो. दुष्ट माणसाला ठाऊक असतं काय करतोय ते. त्याचा श्वास शांत असतो."

"बाबा, परत एकदा करून दाखवाल?" माझ्या तोंडून निघून गेलं. मीच कायदा केला होता आणि मीच मागत होते.

त्यांनी हौसेने डबा उचलला. "पाच," म्हणाले, आणि पहिल्याच ओढीला खोकल्याची उबळ आली. ओठ काळेनिळे पडले. मी डबा हिसकावून घेतला, ऑक्सिजन वाढवला, पाठ चोळत बसले. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "आता नाही व्हायचं. चौथा आहे ना, बास."

दारात दादा उभा होता, उंबऱ्याबाहेर. स्टुडिओत जाऊन आला होता हे त्याच्या तोंडावरच दिसत होतं.

"चौथा नीट ठेवलायस ना रे?" बाबांनी त्याला विचारलं.

दादाने माझ्याकडे बघितलं. असं माझ्याकडे आजवर कोणी बघितलेलं नाही.

"ठेवलाय बाबा. अगदी जपून."

मी पाणी आणायला स्वयंपाकघरात गेले तर तो मागोमाग आला. "खोटं तुला वाचवायला नाही बोललो," तो हळू म्हणाला. "प्राण्याला कळत नाही म्हणालीस ना सकाळी? तुला तर सगळं कळतं." मग बाबांचा डबा माझ्या हातात कोंबला. "उद्या सिनेमा द्यायचाय. श्वास तू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बंद खोलीत उभी राहिले. काचेपलीकडे दादा आणि दिग्दर्शक. मी डब्यात तोंड घातलं. आत बिस्किटांचा आणि बाबांच्या औषधाचा वास होता. घाबरायचा खूप प्रयत्न केला. बाबांची शीळ आठवली, तो अडकलेला खण आठवला. "एक," म्हटलं आणि श्वास घेतला.

स्पीकरमधून दिग्दर्शकाचा खूश झालेला आवाज आला.

"वा! हाच ठेवा. आता कसा बरोबर दुष्ट वाटतोय."

दादाने मान वर केली नाही. त्याने फाइलीवर माझं नाव घातलं आणि ती जपून ठेवली.