गाडी उठेपर्यंत

चावी फिरवून ड्रायव्हरमामा खाली उतरले आणि मागच्या चाकांकडे बघत उभे राहिले. एव्हाना गाडीने मागची बाजू उचलायला हवी होती. आज ती ढिम्म हलेना.

परदेशी बनावटीची ही लांबलचक गाडी, मालकीणबाईंच्या दिवंगत यजमानांनी हौसेने घेतलेली. तिला स्प्रिंगांच्या जागी हवेच्या पिशव्या. पिशवी जुनी झाली, की रात्रभर हवा झिरपते आणि सकाळी गाडी मागून बसलेली असते. इंजिन चालू केलं, की पंप हवा भरतो आणि महाराणी पुन्हा थाटात उभ्या. म्हणून मामा कित्येक महिने सगळ्यांच्या आधी येत, गाडी उठवत आणि मग फडका घेऊन अशी पुसत राहत, की जणू काही झालंच नाही.

मिस्त्रीने बजावलं होतं, पिशवी आत्ताच बदला, पंपाला रोज असं राबवलंत तर तोही जळेल. मामांना ते पटलंही होतं. पण बाईंच्या मुलाने, म्हणजे दादांनी, आधीच सांगून ठेवलेलं. आता गाडीने काही काम काढलं, की ती भंगारात. आई आपल्याकडे राहायला येईल, मग ड्रायव्हर तरी कशाला? या वयात आपल्या हातात दुसरी गाडी कोण देणार, या धास्तीने मामांनी तोंडाला कुलूप घातलं. छोटं दुखणं लपवून त्यांनी मोठं करून ठेवलं.

आज बाईंना डोळे तपासायला जायचं होतं. मामांनी पुन्हा चावी फिरवली. इंजिन सुरू झालं, पण मागून पंपाची घरघर काही येईना. चाक आणि वरचा पत्रा यांच्यामध्ये बोटसुद्धा शिरत नव्हतं.

जिन्यात काठी वाजली. मामा घाईघाईने गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले. एवढं मोठं धूड त्यांच्या किडकिडीत पाठीआड लपणार होतं थोडंच!

"उठली नाही का आज?" बाईंनी विचारलं.

मामा बाजूला सरले. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"रोज खिडकीतून बघते मी. ती उठली, की मग चपला घालते."

"मग कधी बोलला नाहीत ते?"

"विचारलं असतं, तर तुम्हाला खरं सांगावं लागलं असतं. मग मला दादाला सांगावं लागलं असतं." बाई काठीवर रेलून गाडीकडे बघत राहिल्या. "मला नाही जायचं हो त्याच्याकडे."

पंप माझ्यामुळे गेला, वेळेवर बोललो असतो तर वाचला असता, असं मामा पुटपुटले. त्यांना फार वाईट वाटत होतं. अशी चालवली तर टायर घासून फुटेल, हेही त्यांनी सांगून टाकलं. शेवटी टॅक्सी बोलावली.

मामा पुढे बसले. मोकळ्या हातांचं काय करावं, ते त्यांना सुचेना. प्रत्येक वळणाला त्यांचा उजवा पाय, ब्रेक असल्यासारखा, खालच्या रबरी मॅटवर आपोआप दाबला जात होता. वाटेत बाईंना दादांचा फोन आला.

"निघाले रे," मागून बाई म्हणाल्या. "ड्रायव्हर आहेत ना सोबत."

गाडीचं त्या काही बोलल्या नाहीत. आज ना उद्या सांगावं लागणार, हे दोघांनाही कळत होतं.

दवाखाना आला. रस्त्यात गर्दी होती, मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या, टॅक्सीवाला घाई करत होता. मामा उतरले. शर्ट सारखा करून, वळसा घालून मागे आले आणि दार उघडून ताठ उभे राहिले. बाई नेहमीसारख्या सावकाश उतरल्या.