डावीकडे आवाज नाही

मी बोलतोय, टेबलावर उताणा पडलेला रबरी माणूस. दचकू नका. माझं तोंड कायम उघडंच असतं, कारण त्यातून नळी घालायला शिकवतात. आज त्याच तोंडाने मी एका माणसाची तक्रार करणार आहे, आणि त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. बरगड्यांआड दोन पिशव्या बसवल्या, तीच माझी फुप्फुसं. पंप सुरू केला की दोन्ही फुगत आणि छातीवर स्टेथोस्कोप ठेवणाऱ्याला खराखुरा श्वास ऐकू येई. मग मला या कॉलेजात आणलं. पदवी घेतलेली मुलंमुली इथे फिजिशियन असिस्टंट व्हायला येतात. पुढे डॉक्टरांच्या देखरेखीखाली रोगी तपासायचे, औषधं द्यायची, जखमा शिवायच्या. आधी माझ्यावर हात बसवायचा, मगच वॉर्डातल्या खऱ्या माणसांकडे जायचं. मला हात लावण्याआधीही परवानगी मागायची शिस्त होती. "काका, तुमची छाती तपासू का?" असं कोणी विचारलं की मला फार बरं वाटे.

इथे शिकवणारे मोठे सर मात्र कधी विचारायचे नाहीत. हृदय बंद पडलं तर छाती कशी दाबायची हे एकदा नव्या तुकडीला दाखवताना त्यांना जोर दाखवायची हुक्की आली. अंगाचा सगळा भार माझ्यावर टाकला. आत काहीतरी मोडलं आणि डावी पिशवी टर्रकन फाटली. दुरुस्ती मागितली असती तर कोणी मोडलं हे सांगावं लागलं असतं. म्हणून सरांनी फतवा काढला, डावीकडे आवाज आहे असं समजायचं आणि पुढे जायचं. मुलं तशीच शिकली. तुकडीमागून तुकडी माझ्या मुक्या छातीला स्टेथोस्कोप टेकवून "दोन्ही बाजू ठीक" म्हणत वॉर्डात गेली. मी मात्र डूख धरला.

मग ती आली. जाड चष्म्यामुळे सगळे तिला ढापणी म्हणत. कामाला जरा हळू, पण ऐकताना डोळे मिटून घ्यायची. वॉर्डात जाण्याआधीच्या परीक्षेत तिने उजवीकडे ऐकलं, डावीकडे ऐकलं, पुन्हा डावीकडे ऐकलं.

"सर, डावीकडे आवाज नाही."

"तो आहे असं समजायचं. सांगितलंय ना?"

"पण येतच नाही, सर. आहे असं कसं म्हणू?"

"म्हणजे रबराचं ऐकणार आणि माझं नाही?" असं म्हणून सरांनी तिला सरळ नापास केलं.

वॉर्ड बंद, अख्खं वर्ष पाण्यात. ती माझ्याजवळ उभी राहून मुसमुसत होती, पण जाताना माझ्या सदऱ्याची बटणं लावून गेली. तेव्हाच मी ठरवलं, या माणसाला सोडायचं नाही. पडून राहणाऱ्याने सूड घ्यावा तरी कसा? वाट बघून. मला तेवढंच जमतं.

ढापणीने फेरपरीक्षा मागितली. बाहेरून एक परीक्षक बाई आल्या. सगळ्यांसमोर त्या सरांना म्हणाल्या, आधी तुम्हीच बरोबर तपासून दाखवा. सरांनी तोऱ्यात स्टेथोस्कोपची चकती माझ्या उजवीकडे टेकवली, डावीकडे टेकवली आणि जाहीर केलं, "दोन्ही बाजू ठीक."

"सर, टोकं अजून गळ्यातच आहेत," बाई शांतपणे म्हणाल्या. "कानात घालायची राहिली."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. बाईंनी स्वतः ऐकलं, डावीकडे बराच वेळ ऐकलं. मग ढापणीकडे वळून तिला तिथल्या तिथे पास केलं. सरांचं शिकवणं त्याच आठवड्यात बंद झालं. खोटं कशाला बोलू, त्यांचा तो पडलेला चेहरा आठवला की अजूनही माझ्या जिवाला थंडावा मिळतो.

निघताना बाईंनी सरांना विचारलं होतं, याच्यावर शिकून किती जण बाहेर पडलेत? सर स्टेथोस्कोप गुंडाळण्यात गुंतले. मीही तेव्हा जिंकल्याच्या धुंदीत होतो. आता मला नवी पिशवी बसवली आहे, डावीकडून छान श्वास येतो, आणि तो प्रश्न मला छळतो. ती सगळी मुलं आज कुणाच्या तरी आईच्या, कुणाच्या तरी आजोबांच्या उशाशी उभी असतील. पाप सरांचं, पण ती शिकली माझ्या अंगावर.

म्हणून विनवणी एवढीच. त्यांच्यातलं कोणी तुमच्या छातीशी वाकून झटक्यात "दोन्ही बाजू ठीक" म्हणालं, तर त्याचा हात धरा आणि त्याला माझ्याकडे परत पाठवा. मी इथेच पडलोय. या वेळी ऐकल्याशिवाय मी कुणाला उठू देणार नाही.